लोहाराचा मुलगा

मायकेल फॅरडे हे नाव आपल्याला पहिल्यांदा भेटतं ते शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात. तारेचं वेटोळं, त्यात आत-बाहेर सरकणारा लोहचुंबक आणि गॅल्व्हानोमीटरचा थरथरणारा काटा. पुढे इंजिनिअरिंगला गेलात तर पहिल्या वर्षाच्या बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये त्याचे नियम पाठ करावे लागतात. इंग्लंडमध्ये जुने राहणारे असाल तर १९९१ ते २००१ या काळात तो २० पौंडांच्या नोटेवरून तुमच्या खिशातही फिरलेला असेल!

पण मंडळी, याच फॅरडेनं ऐन उमेदीची जवळजवळ पाच वर्षं चाकू, वस्तरे आणि त्यांचं पोलाद यांच्यामागे घालवली होती. आणि त्या सगळ्याचं मूळ मुंबईहून लंडनला आलेल्या पोलादाच्या तुकड्यांत होतं. हे मला ना शाळेत कुणी सांगितलं, ना कॉलेजात. ते कळलं एका भलत्याच वाटेनं.

मी पेशानं आयटी कन्सल्टंट. आठवडाभर क्लायंटच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या सिस्टिम्स दुरुस्त करायच्या. पण गेली तीन वर्षं महिन्यातले एक-दोन शनिवार मी एका लोहाराच्या भट्टीवर चाकू घडवायला शिकतो आहे. साधे चाकू नव्हे, तर पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते ना, तसल्या थरांच्या पोलादाचे. घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा आईनं विचारलं की एवढं शिकवून परदेशी पाठवलं ते लोहारकाम करायला का? तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण या नादात पोलादाचा इतिहास वाचायला लागलो आणि पानापानावर फॅरडे भेटायला लागला. म्हणून यंदा दिवाळी अंकासाठी त्याचीच गोष्ट सांगायचं ठरवलं.

भाकरीचा हिशोब

फॅरडेचा बाप, जेम्स फॅरडे, हा लोहार. उत्तर इंग्लंडमधल्या डोंगराळ वेस्टमोरलंडमधून तो पोटासाठी लंडनला आला. म्हणजे आपल्यासारखाच, काम शोधत गाव सोडलेला माणूस. २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथे मायकेलचा जन्म झाला. जेम्सची तब्येत तोळामासा. घणाचं काम आणि आजारी शरीर यांचं जमणार कसं? काम कधी असायचं, कधी नसायचं. १८०१ च्या महागाईत घरात इतकी ओढाताण होती की नऊ वर्षांच्या मायकेलला आठवड्याला एक पाव मिळायचा आणि तो त्यानं सात दिवस पुरवायचा, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे.

शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती आणि थोड्या हिशोबापुरती. तेराव्या वर्षी मायकेल जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या पोऱ्या म्हणून लागला आणि १८०५ पासून सात वर्षं तिथेच पुस्तकबांधणीची उमेदवारी केली. जी पुस्तकं बांधायला येत ती तो वाचून काढी. वडील १८१० साली गेले. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोरानं ती व्याख्यानं ऐकून तीनशेहून अधिक पानांच्या टिपणांची वही केली, स्वतःच्या हातानं सुरेख बांधली आणि डेव्हीला पाठवून दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर सीव्ही नव्हे, थेट कामाचा नमुनाच! १ मार्च १८१३ रोजी तो आठवड्याला २५ शिलिंग आणि माळ्यावरच्या दोन खोल्या अशा बोलीवर प्रयोगशाळेत मदतनीस झाला.

त्याच वर्षी डेव्हीबरोबर तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला. हुद्दा मदतनिसाचा असला तरी वाटेत नोकराची कामंही करावी लागली, आणि डेव्हीच्या बायकोनं तर त्याला नोकरासारखंच वागवलं. पण या दौऱ्यात फ्लॉरेन्सला त्यानं एक विलक्षण प्रयोग पाहिला. मोठ्या भिंगानं सूर्याची उष्णता एकवटून डेव्हीनं हिरा जाळला आणि हिरा म्हणजे निव्वळ कार्बन असल्याचं दाखवून दिलं. हा कार्बन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईहून आलेली ढेप

आता जरा मागे जाऊ. १७९४-९५ च्या सुमारास मुंबईत कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉटनं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना एका देशी पोलादाचे नमुने पाठवले. याला इंग्रज वुट्झ म्हणत. हा शब्द कानडीतल्या उक्कु या शब्दापासून आला असं मानतात.

हे पोलाद दक्षिण भारतात होत असे. मातीच्या लहान मुशीत लोखंडाचे तुकडे आणि लाकूड-पाला घालायचा, तोंड मातीनं लिंपून बंद करायचं, कित्येक तास भट्टीत तापवायचं आणि मग सावकाश थंड होऊ द्यायचं. मूस फोडली की आत पोलादाची ढेप. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमहून इराणी व्यापारी हा माल न्यायचे. दमास्कसच्या तलवारी म्हणून ज्यांचा जगभर बोलबाला झाला, त्या अशा पोलादाच्या. पात्यावर नक्षी उठायची ती आतूनच. कुणी कोरलेली नव्हे की रंगवलेलीही नव्हे.

बँक्सनी यातला तुकडा जेम्स स्टोडार्ट या कारागिराला घडवायला दिला. लंडनच्या स्ट्रँडवर त्याचं शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवण्याचं दुकान होतं. वुट्झ घडवणं महाकठीण. युरोपच्या लोहारांच्या सवयीप्रमाणे पांढरं होईतो तापवलं तर घणाखाली चक्क भुगा होतो. कार्बन जास्त असल्यानं ते कमी आचेवर, धीरानं घडवावं लागतं. स्टोडार्टला ते जमलं आणि तो या पोलादाच्या प्रेमातच पडला. आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर त्यानं छापून टाकलं की युरोपातल्या उत्तमोत्तम पोलादापेक्षा आपण भारतातून येणारं हे पोलाद पसंत करतो. विचार करा, शेफिल्डच्या देशात ही जाहिरात!

हाच स्टोडार्ट १८१८ च्या सुमारास फॅरडेचा सहकारी झाला. एक साठीकडे झुकलेला कारागीर, एक सत्तावीस वर्षांचा लोहारपुत्र. प्रश्न साधा होता. या पोलादात असं काय आहे, आणि ते आपल्याला करता येईल का?

मूस, भट्टी आणि एक चुकलेलं उत्तर

रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात प्रचंड आच देणारी भट्टी उभी राहिली. १८१९ मध्ये फॅरडेनं वुट्झचं रासायनिक पृथक्करण छापलं. त्याच वर्षी तो वेल्समध्ये पायी फिरला आणि डाउलेसचा लोखंडाचा कारखाना बघून आला. १८२० आणि १८२२ मध्ये दोघांच्या नावानं पोलादाच्या मिश्रधातूंवर दोन निबंध आले. पोलादात त्यांनी काय काय मिसळून पाहिलं? प्लॅटिनम, सोनं, चांदी, निकेल, ऱ्होडियम, पॅलेडियम, इरिडियम, क्रोमियम... चांदी अगदी पाचशेत एक भाग एवढीच मिसळली तर पोलाद सुधारतं असं त्यांना आढळलं. ऱ्होडियमच्या पोलादाचे वस्तरे करून फॅरडेनं मित्रांना भेट दिले.

१८२० च्या निबंधातला एक प्रयोग वाचताना तर मी खुर्चीतून उठलोच. त्यांनी प्लॅटिनमच्या आणि पोलादाच्या साधारण सारख्या जाडीच्या तारा एकत्र बांधल्या आणि एका तरबेज कारागिराकडून त्या भट्टीत तापवून, ठोकून एकजीव करून घेतल्या. मग तो तुकडा घडवला, घासून चकचकीत केला आणि त्यावर हलकं आम्ल सोडलं. पोलाद काळवंडलं, प्लॅटिनम पांढरं राहिलं आणि पृष्ठभागावर काळ्या-पांढऱ्या ढगांची नक्षी उमटली.

मी शनिवारी जे करतो ते नेमकं हेच! फक्त प्लॅटिनम परवडत नाही, म्हणून निकेलवर भागवतो. त्याची रीत थोडक्यात सांगतो. एक साधं कार्बनचं पोलाद आणि एक सुमारे दोन टक्के निकेल असलेलं, अशा पट्ट्या आळीपाळीनं रचायच्या. समजा पंधरा. गठ्ठा भट्टीत लाल झाला की वर टाकणखार भुरभुरायचा. तो वितळून काचेसारखा पसरतो, पृष्ठभागावरची जळालेली पापडी विरघळवतो आणि हवेला आत येऊ देत नाही. मग आच आणखी वाढवायची, १२०० अंशांच्या वर, लोखंड पिवळंधमक होईपर्यंत. बाहेर काढून भराभर पण हलक्या हातानं ठोकायचं. जोराचा घाव घातला तर थर चिकटण्याऐवजी सरकतात. गठ्ठा एकजीव झाला की लांब करायचा, मधोमध कापून दुमडायचा, पुन्हा जोडायचा. पंधराचे तीस, तीसचे साठ, मग एकशेवीस, दोनशेचाळीस. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना हे दुप्पट होणं चांगलंच ओळखीचं.

पुढे पातं घडवायचं, कानशीनं आकार द्यायचा आणि मग आपल्याकडे म्हणतात तसं हत्याराला पाणी द्यायचं. पाणी म्हणजे बहुतेकदा तेल बरं का! तापत्या पात्याला लोहचुंबक लावून बघायचा. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. तिथून थोडं आणखी तापवायचं आणि तेलात बुडवायचं. पातं कडक पण काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा २०० अंशांच्या आसपास दोनेक तास शेकायचं. शेवटी फेरिक क्लोराइडचं स्नान. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सर्किट बोर्ड कोरायला वापरायचो तेच द्रावण. साधं पोलाद काळं पडतं, निकेलवालं चमकत राहतं, आणि इतका वेळ लपलेली नक्षी डोळ्यांसमोर वर येते. तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी जुना होत नाही.

पण थरांचं पोलाद आणि वुट्झ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या काळी युरोपात त्यांची सरमिसळ होत असे. फॅरडे आणि स्टोडार्ट यांनी यातला फरक नेमका दाखवला. त्यांनी वुट्झ पुन्हा पुन्हा वितळवलं. ठोकून जोडलेले थर असते तर वितळल्यावर नक्षी कायमची पुसली गेली असती. पण घडवून, घासून, आम्ल लावल्यावर ती परत हजर! म्हणजे ही नक्षी थरांची नाही, पोलादाच्या आतल्या स्फटिकांची आहे. अगदी बरोबर निदान.

मग ते स्फटिक कशामुळे? इथे मात्र गाडी घसरली. पृथक्करणात सापडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या अंशाला फॅरडेनं श्रेय दिलं. त्यानं अ‍ॅल्युमिनाच्या मदतीनं मिश्रधातू केला, तो पोलादात मिसळला आणि वुट्झसारखी नक्षी मिळवलीसुद्धा. सगळं जुळलं, पण कारण चुकलं! या नक्षीचा खरा धनी कार्बन. वुट्झमध्ये तो साधारण दीड टक्क्याच्या आसपास असतो आणि लोखंडाबरोबर कठीण कार्बाइडच्या रांगा तयार करतो. त्या रांगा लागायला व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश मदत करतो, हे अमेरिकेत व्हर्होव्हेन हा धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हा लोहार यांनी मिळून १९९० च्या दशकात दाखवलं. पुन्हा तीच जोडी पाहा, एक शास्त्रज्ञ आणि एक लोहार. फ्लॉरेन्सला ज्यानं हिऱ्यातला कार्बन जळताना पाहिला, त्या फॅरडेला इथे कार्बननंच चकवलं.

१८२३ साली स्टोडार्ट गेला. महागड्या धातूंचं पोलाद शेफिल्डच्या बाजारात रुजलं नाही. फॅरडेनं भट्टी थंड केली. पाच वर्षांचं काम, हाती आलं काय? काही वस्तरे, दोन-तीन निबंध आणि उरलेल्या तुकड्यांची एक लाकडी पेटी.

वाया गेलेली वर्षं?

आमच्या क्षेत्रात हे नेहमीचं आहे. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटकडे आमच्या टीमनं चौदा महिने खपून उभी केलेली सिस्टिम वरच्या एका निर्णयानं गुंडाळली गेली. एका ईमेलमध्ये विषय संपला. टीममधली एक मुलगी नुकतीच पुण्याहून आलेली होती, तिचं हे परदेशातलं पहिलंच काम. तिनं मला विचारलं की आता मी या वर्षाचं काय सांगू? माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हतं. फॅरडे वाचताना मला तिचा प्रश्न सारखा आठवत होता.

कारण फॅरडेच्या बाबतीत हे एकदाच झालं नाही. पोलादानंतर १८२५ पासून काही वर्षं त्याला दुर्बिणींसाठी उत्तम काच बनवण्याच्या कामाला जुंपलं गेलं. पुन्हा भट्टी, पुन्हा वर्षं, आणि पुन्हा फारसं यश नाही. पण त्यात तयार झालेला जड काचेचा तुकडा त्यानं जपून ठेवला. १८४५ मध्ये त्याच जातीच्या काचेतून प्रकाश पाठवून त्यानं दाखवलं की चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो. ज्या काचेतून दुर्बीण झाली नाही, तिच्यातून भौतिकशास्त्राचं एक नवं दार उघडलं.

आणि पोलादाचं? १८२२ च्या निबंधात क्रोमियमचं पोलाद होतं. फ्रान्समध्ये बेर्तिएनं १८२१ मध्ये ते केलं होतं, त्याच वाटेनं हे दोघं गेले. ही वाट पुढे ज्या मुक्कामाला गेली तो म्हणजे शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली ओतलेलं स्टेनलेस स्टील. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक चमच्यात ते आहे. फॅरडेची ती पेटीही वाया गेली नाही. १९३१ मध्ये सर रॉबर्ट हॅडफिल्ड या पोलादतज्ज्ञानं तिच्यातल्या ७९ नमुन्यांची तपासणी केली आणि मिश्रधातूंच्या पोलादाच्या पहिल्या अभ्यासकांत फॅरडेला मानाचं पान दिलं. शंभर वर्षांनी का होईना, कुणीतरी त्याचे लॉग्ज वाचले! पण ते वाचता आले याचं कारण त्यानं तुकडे जपले होते आणि निबंधात प्रयोग तपशिलानं लिहून ठेवले होते. त्या मुलीला मी नंतर एवढंच कळवलं, की काय केलंस, काय चाललं आणि काय नाही, ते सगळं नीट लिहून ठेव. बाकीचं आपल्या हातात नसतं.

एक लोखंडी कडं

पुढचा फॅरडे आपल्याला ठाऊक आहे. १८२१ मध्ये त्यानं विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवली. जगातली पहिली मोटर म्हणा ना. त्याच वर्षी सारा बर्नार्डशी त्याचं लग्न झालं. १८२५ मध्ये त्यानं बेंझिन शोधलं. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळात मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानमालांपैकी १९ त्यानं स्वतः दिल्या. पुढे सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरी तो शांतपणे गेला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे नको म्हणाला होता. हायगेटच्या दफनभूमीत त्याची साधी कबर आहे.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो २९ ऑगस्ट १८३१ चा दिवस. त्या दिवशी त्यानं लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यात वीज सुरू-बंद केली की दुसऱ्याच्या काट्याला झटका बसे. हाच पहिला ट्रान्सफॉर्मर. यातूनच पुढे जनित्रं आली, वीजघरं आली, आणि माझ्या शनिवारच्या भट्टीवरचा पंखा, घासायच्या मशीनची मोटर आणि यांत्रिक घणही आला. आज पोलाद वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्यासुद्धा त्याच तत्त्वावर चालतात. जे पोलाद त्याला मुशीत पूर्ण उलगडलं नाही, त्याच्या भट्टीत तो असा मागच्या दारानं आला.

आता ते कडं नीट पाहा. मऊ लोखंडाची गोल सळई, पाऊण इंचाहून थोडी जास्त जाड, वाकवून सहा इंच व्यासाचं कडं केलेलं, आणि टोकं जोडलेली. १८३१ साली विजेचं वेल्डिंग नव्हतं. ते जोड भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकूनच झालेले असणार, मी थर जोडतो तसेच. ते कडं करणाऱ्या लोहाराचं नाव इतिहासात नाही. तारांचा तो गठ्ठा एकजीव करणाऱ्या तरबेज कारागिराचं नाही. आणि ज्यांच्या ढेपेपासून ही कहाणी सुरू झाली, त्या आपल्या दक्षिणेतल्या मूसवाल्यांचंही नाही. त्यांची कला तर एकोणिसाव्या शतकात हळूहळू बंदच पडली.

आपल्या घरांत शिकलेल्या हातांना मान असतो आणि राबणारे हात दाराबाहेर उभे असतात. आजीची विळी बाजारच्या दिवशी लोहाराकडे जायची, पाणी पिऊन धारदार होऊन परत यायची. पण त्या लोहाराचं नाव घरात कुणाला ठाऊक होतं, असं मला आठवत नाही. फॅरडे मोठा झाला त्यात त्याच्या बुद्धीचा वाटा होताच, पण भट्टीजवळ वाढलेल्या पोराला कारागिराशी बरोबरीनं बोलता येत होतं, हाही वाटा तेवढाच. स्टोडार्टचं नाव त्यानं निबंधावर आपल्या नावाबरोबर घातलं. मला वाटतं, आपल्या मुलांना फॅरडेचे नियम शिकवताना ही गोष्टही सांगायला हवी.

ते कडं आजही लंडनच्या अल्बमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेलं आहे. त्यावरची दोऱ्या-कापडात गुंडाळलेली वेटोळी जीर्ण झाली आहेत, दिसायला अगदी सामान्य. मुलांना घेऊन लंडनला गेलात तर राणीच्या मुकुटाइतकाच वेळ त्याच्यासमोरही काढा.

यंदा खंडेनवमीला आम्ही लॅपटॉपच्या शेजारी माझा हातोडा आणि सांडशी ठेवून हळदकुंकू वाहिलं. आईनं व्हिडिओवर पाहिलं आणि विचारलं की तो नक्षीचा एक चाकू भाजी चिरायला मिळेल का? डिसेंबरात पुण्याला जाताना नेणार आहे, अर्थातच चेक-इन बॅगेतून!

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.